सुइणींच्या आठवणी आणि कल्याणकारी राज्याचा हिशेब

(एका वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



अर्थशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापकाने सुइणींविषयी बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. संयोजकांनाही ते वाटले. त्यांना माझ्याकडून अर्थसंकल्पावरचे भाषण हवे होते. मी त्यांना म्हटले, मी अर्थसंकल्पावरच बोलणार आहे. फक्त त्यातल्या रकमा शेवटी ज्या घरी पोचायच्या असतात, त्या घराच्या उंबरठ्यापासून सुरुवात करणार आहे.

चौतीस वर्षे मी विद्यार्थ्यांना लोकसंख्येचे अर्थशास्त्र शिकवले. जन्मदर, अर्भकमृत्युदर, मातामृत्युदर हे रकाने मी फळ्यावर किती वेळा आखले असतील, याची गणती नाही. परंतु त्या रकान्यातला एक आकडा ज्या खोलीत जन्माला येतो, त्या खोलीत त्या वेळी कोण होते, हा प्रश्न मी कधी विचारला नाही. माझा स्वतःचा जन्म १९५८ साली परळच्या एका चाळीतल्या खोलीत झाला. वडील गिरणीत रात्रपाळीला गेले होते. माझी नाळ कापणाऱ्या बाईला आई अखेरपर्यंत 'सुईणबाई' एवढेच म्हणत असे. त्या बाईचे नाव मला ठाऊक नाही. आईला ते ठाऊक होते का, हे विचारायचे राहून गेले.

नेमक्या त्याच वर्षांत लंडनच्या गोदीभागात, पॉप्लर नावाच्या वस्तीत, काही सुइणी सायकलला पेटी बांधून मध्यरात्री गल्लीबोळांतून जात होत्या. त्या कशा होत्या, कशावर हसत होत्या आणि कशाला भीत होत्या, हे मी आज आपल्याला सांगू शकतो. कारण त्यांच्यापैकी काहींनी लिहिले. स्वतःच्या जन्माविषयी जे मला माहीत नाही, ते सातासमुद्रापलीकडच्या परक्यांच्या जन्माविषयी मला माहीत आहे, ही विसंगतीच आजच्या भाषणाचे निमित्त आहे.

आठवणी कशा लिहिल्या गेल्या

१९९८ साली टेरी कोट्स नावाच्या एका अनुभवी प्रसविकेने इंग्लंडमधील प्रसविकांच्या व्यावसायिक नियतकालिकात एक लेख लिहिला. साहित्यात डॉक्टर आहेत, मग सुइणीच का नाहीत, असा तिचा सवाल होता. जेम्स हेरियट यांनी गुरांच्या डॉक्टरांसाठी जे केले, ते कोणी तरी सुइणींसाठी करावे, असे तिने आवाहन केले. जेनिफर वर्थ यांनी ते मनावर घेतले. त्यांचा जन्म १९३५ चा. रेडिंगच्या रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण. आणि पन्नासच्या दशकात पॉप्लरमध्ये सुईणपणाचे काम. १९७३ साली परिचर्या सोडून त्या संगीताकडे वळल्या होत्या. साठी उलटल्यावर त्यांनी हातात लेखणी घेतली. 'कॉल द मिडवाइफ' हे पुस्तक २००२ साली आले. २००५ साली 'शॅडोज ऑफ द वर्कहाउस' आणि २००९ साली 'फेअरवेल टू द ईस्ट एंड' ही पुढची दोन. २०११ च्या मे महिन्यात त्या वारल्या. त्यांच्या लेखनावर आधारित दूरचित्रवाणी मालिका बीबीसीवर सुरू झाली ती २०१२ च्या जानेवारीत. ती पाहायला त्या राहिल्या नाहीत.

वर्थ एकट्या नव्हत्या. डॉट मे डन यांनी डर्बी शहरातल्या उमेदवारीच्या दिवसांविषयी २०१० साली लिहिले. त्याही आधी, १९९३ साली, निकी लीप आणि बिली हंटर या दोघींनी जुन्या सुइणींच्या तोंडून ऐकलेल्या हकिकती एकत्र करून मौखिक इतिहासाचे एक मोलाचे पुस्तक सिद्ध केले होते. अर्ध्या शतकाच्या अंतराने या बायका बोलू लागल्या, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. काम करत असताना त्यांना लिहायला सवड नव्हती आणि कोणी विचारतही नव्हते.

खोली, जिना आणि सायकल

पॉप्लर म्हणजे थेम्सच्या काठचा गोदी-कामगारांचा भाग. १९४० च्या सप्टेंबरपासून जर्मन विमानांनी या गोद्यांवर आणि त्यांना चिकटून असलेल्या घरांवर बाँबवर्षाव केला. युद्ध संपले तेव्हा निम्म्याशिम्म्या गल्ल्या ढिगाऱ्यांच्या होत्या आणि पडायला झालेल्या इमारतींत कुटुंबे दाटीवाटीने राहत होती. गोदीतले काम रोजंदारीचे. पहाटे फाटकाशी उभे राहायचे आणि मुकादमाच्या बोटाची वाट पाहायची. १९४७ साली नोंदणीची योजना येऊन काम न मिळालेल्या दिवशीही हजेरीचा काही मोबदला मिळू लागला. परंतु नैमित्तिक मजुरीची पद्धत पुरती संपायला १९६७ साल उजाडावे लागले. गिरणीच्या फाटकावर उभे राहणारे बदली कामगार ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे चित्र अधिक समजावून सांगायला नको.

अशा घरात मूल जन्माला यायचे, तेही बहुधा पाचवे किंवा सातवे. पन्नासच्या दशकात इंग्लंडमध्ये तीनातले एक बाळंतपण घरीच होत असे. सुईण आधी येऊन खोली पाहून जाई. पाणी कुठून आणायचे, तापवायचे कशावर, थोरली मुले कोणाकडे ठेवायची, हे सारे ठरवून ठेवी. गादीवर जाड तपकिरी कागद अंथरला जाई, कारण धुवायला जादा चादर प्रत्येक घरात नसे. कळा सुरू झाल्या की निरोप जाई आणि ती सायकलवर टांग टाकून निघे. पोटावर लाकडी नळी ठेवून बाळाचे ठोके ऐकायचे, वेदना सुसह्य व्हाव्यात म्हणून वायूचे यंत्र चालवायचे, पायाळू मूल असेल तर हात आवरून धीर धरायचा, वार पूर्ण पडली की नाही हे दिव्याखाली तपासून पाहायचे. गुंतागुंत झालीच तर डॉक्टर आणि रक्तासह धावून येणारे रुग्णालयाचे पथक बोलवायचे. त्यानंतर सुमारे दोन आठवडे त्या घरी जाऊन आई आणि मूल यांची देखभाल करायची.

मित्रहो, या सगळ्याबद्दल त्या घराला एक पैसाही द्यावा लागत नव्हता. वाचताना हे वाक्य आपण सहज ओलांडून पुढे जातो. वर्थ यांच्या पुस्तकात कॉन्चिता नावाची एक स्पॅनिश बाई आहे. दोन डझन बाळंतपणे झालेली. तिला इंग्रजी येत नाही आणि नवऱ्याला स्पॅनिश. शेवटचे मूल फार अपुऱ्या दिवसांचे जन्मते. त्याला रुग्णालयात न्यायला माणसे येतात आणि ही माउली ते सोडत नाही. स्वतःच्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवते, थेंबथेंब दूध पाजते आणि जगवते. पुढे १९७८ च्या सुमारास कोलंबियातील बोगोटा शहरातल्या डॉक्टरांनी, काचपेट्या पुरेनात म्हणून, हीच रीत शास्त्रशुद्ध स्वरूपात सुरू केली आणि आज ती जगभर शिकवली जाते. ही गोष्ट वाचून डोळे भरून येतात. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने डोळे पुसून पुढचा प्रश्न विचारला पाहिजे: त्या बाईच्या घरी शिकलेली सुईण रोज येत होती, तिचा पगार कोण देत होते?

हे पगार आले कुठून

१९०२ च्या कायद्याने इंग्लंडमध्ये सुइणींची नोंदणी सुरू झाली. शिकलेली आणि परवाना असलेली सुईण निर्माण झाली, पण तिचे पोट रोग्याच्या फीवर अवलंबून राहिले. जिथे गरज अधिक तिथे फी कमी. म्हणून गरीब वस्तीतली सुईणही गरीबच. १९३६ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर पगारी सुइणींची व्यवस्था करण्याचे बंधन घातले. आणि ५ जुलै १९४८ रोजी अन्यूरिन बेव्हन यांच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने फीचा प्रश्नच निकालात काढला. वर्थ ज्या जोगिणींच्या संस्थेत राहून काम करत, तिला त्यांनी पुस्तकात 'नोनाटस हाउस' असे टोपणनाव दिले आहे. ती प्रत्यक्षात १८४८ साली स्थापन झालेली धर्मसंस्था. त्या जोगिणींची सेवावृत्ती खरी होती, यात शंका नाही. परंतु ती वृत्ती शंभर वर्षांपासून होतीच. जी गोष्ट नव्याने घडली ती ही, की त्या वृत्तीच्या मागे सार्वजनिक तिजोरी उभी राहिली.

ही तिजोरी आपण होऊन उघडली नाही. याच पॉप्लरची कहाणी आहे. १९२१ साली बेकारांना मदत द्यायचा बोजा ज्या त्या विभागाच्या करांवर पडत असे. म्हणजे ज्या विभागात बेकार जास्त, त्याच गरीब विभागाने जास्त कर भरायचा आणि श्रीमंत पश्चिम लंडनने मोकळे राहायचे. जॉर्ज लान्सबरी यांच्या नेतृत्वाखाली पॉप्लरच्या नगरसेवकांनी वरिष्ठ संस्थांचा कर गोळा करायचे नाकारले आणि तीस नगरसेवक तुरुंगात गेले. त्यांत नेली क्रेसल या गरोदर होत्या. दिवस भरत आलेली नगरसेविका तुरुंगात ठेवणे सरकारला अडचणीचे झाले आणि त्यांना इतरांआधी सोडावे लागले. सहा आठवड्यांनी सगळेच सुटले, आणि मदतीचा भार साऱ्या लंडनने वाटून घेण्याचा कायदा झाला. पुढे १९४३ साली नेली क्रेसल त्याच पॉप्लरच्या महापौर झाल्या. वर्थ यांच्या सायकलीची चाके ज्या रस्त्यावरून फिरली, तो रस्ता असा तयार झाला होता. १९३१ साली गोलमेज परिषदेसाठी आलेले गांधीजी याच परिसरातल्या बो वस्तीत, म्युरिएल लेस्टर यांच्या किंग्जली हॉलमध्ये, कष्टकऱ्यांच्या शेजारी राहिले होते, याचीही इथे आठवण होते.

आता थोडे आकडे; माझी सवय आहे, क्षमा करावी. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दर हजार बाळंतपणांमागे सुमारे चार माता मरत असत. १९५० पर्यंत हे प्रमाण हजारी एकाच्याही खाली आले. याच्या उलट अर्भकमृत्यू शतकाच्या आरंभापासूनच घटत होते: हजारी सुमारे दीडशेवरून १९४८ साली चौतीस. या दोन आलेखांत एक विलक्षण भेद आहे. अर्भकमृत्यू गरिबीच्या पायरीपायरीने वाढत असे. परंतु १९३०–३२ च्या सरकारी आकडेवारीत मातामृत्यू सुखवस्तू वर्गात मजुरांपेक्षा अधिक आढळले! कारण उघड आहे. श्रीमंत बाईकडे फी घेणारा डॉक्टर येई, घाई करी, चिमटा लावी आणि जंतुसंसर्गाला वाट करून देई. गरीब बाईकडे येणारी शिकलेली सुईण वाट पाहत बसे. १९३६ साली लिओनार्ड कोलब्रुक यांनी सूतिकाज्वरावर नव्या सल्फा औषधाचा गुण दाखवून दिला. मग रक्त देण्याची सोय झाली, पेनिसिलिन आले, आणि आलेख कोसळला.

याचा निष्कर्ष काय? आई जगते की नाही, हे त्या रात्री तिच्या उशाशी कोणता हात आहे आणि त्या हाताच्या मागे कोणती व्यवस्था आहे, यावर ठरते. मूल वर्षभर जगते की नाही, हे घर, पाणी, दूध आणि बापाची मजुरी यांवर ठरते. एकासाठी शिकलेली, पगारी सुईण लागते. दुसऱ्यासाठी समाजरचनाच बदलावी लागते. ब्रिटनने त्या दशकात दोन्ही गोष्टी थोड्याफार एकदम केल्या. १९४० साली, ऐन युद्धात, गरोदर स्त्रिया आणि लहान मुले यांच्यासाठी स्वस्त किंवा मोफत दुधाची योजना सुरू झाली. १९४२ साली बेव्हरिज अहवाल आला. १९४५ च्या कायद्याने दुसऱ्या मुलापासून पुढे कुटुंबभत्ता मंजूर झाला आणि एलेनॉर रॅथबोन यांच्या आग्रहामुळे तो बापाच्या नव्हे, आईच्या हाती पडू लागला. सुइणींच्या आठवणींत या कायद्यांची नावे क्वचितच येतात. परंतु प्रत्येक पानाच्या खाली ते आहेत.

जुने भय

मग वर्थ यांची पुस्तके समाजवाद्यांनी का वाचावीत? माझ्या मते, मिसेस जेन्किन्ससाठी. ही एक म्हातारी. कुठेही बाळंतपण झाले की ती दाराशी येऊन उभी राहते आणि बाळ कसे आहे, आई कशी आहे, असे विचारते. लोक तिला टाळतात. पुढे कळते की तरुणपणी, विधवा झाल्यावर, तिला मुलांसह अनाथगृहवजा श्रमालयात जावे लागले होते. तिथल्या नियमानुसार मुले आईपासून वेगळी ठेवत. एकेक करून ती तिथेच मेली, आणि आईला त्यांचे अखेरचे दर्शनही झाले नाही. १८३४ च्या गरीब-कायद्याचे तत्त्वच हे होते, की मदत घेणाऱ्याची स्थिती सर्वांत हलाखीतल्या मजुराहूनही वाईट ठेवावी, म्हणजे कोणी मदत मागायला धजावणार नाही. ही श्रमालये कागदोपत्री १९३० साली संपली, आणि गरीब-कायदा पुरता गेला तो १९४८ साली. पन्नासच्या दशकात त्यातून बाहेर पडलेली माणसे जिवंत होती, आणि रुग्णालयाच्या जुन्या इमारतीचे नाव काढले तरी म्हाताऱ्यांचे हातपाय गार पडत.

'मदत घेणारे आळशी होतात', 'फुकटाची सवय लागते' ही आजची वाक्ये नवी नाहीत. ती १८३४ ची आहेत. मिसेस जेन्किन्स हा त्या वाक्यांचा ताळेबंद आहे.

या पुस्तकांकडून काय घेऊ नये

परंतु आठवणी म्हणजे पुरावा नव्हे. किंबहुना तो उलटतपासणी मागणारा पुरावा असतो. मी तीन हरकती नोंदवतो.

पहिली हरकत आकड्याची. वर्थ म्हणतात की पन्नासच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या केंद्राकडे महिन्याला ऐंशी ते शंभर बाळंतपणे असत. १९६३ साली ती चार-पाचांवर आली, आणि याचे श्रेय त्या गर्भनिरोधक गोळीला देतात. ही गोळी ब्रिटनमध्ये १९६१ च्या अखेरीस उपलब्ध झाली. परंतु इंग्लंड आणि वेल्समधील जन्मांची संख्या पाहा: १९५७ साली सुमारे सव्वासात लाख, १९६४ साली सुमारे पावणेनऊ लाख. जन्म घटले नव्हते, चांगलेच वाढले होते. मग पॉप्लरच्या सुइणींचे काम कुठे गेले? ते रुग्णालयात गेले, आणि माणसे पाडलेल्या वस्त्यांतून नव्या वसाहतींत व लंडनबाहेर गेली. पुढे १९६७ पासून १९८१ पर्यंत गोद्याही एकेक करून बंद झाल्या. लेखिका खोटे बोलत नाही. ती आपल्या खिडकीतून दिसले ते सांगते. खिडकीबाहेरचे जोडून घेणे हे वाचकाचे काम आहे.

दुसरी हरकत गोडव्याची. दूरचित्रवाणीच्या पडद्यावर दारिद्र्य स्वच्छ धुतलेले दिसते. शेजारणी एकमेकींना साखर देतात, जिन्यावर गाणी म्हणतात. ते सारे होतेही. परंतु माणसे प्रेमळ होती म्हणून दारिद्र्य सुसह्य होते, असा त्याचा अर्थ निघू लागला की सावध व्हावे. त्याच खोलीत ढेकूण होते, जिन्यावर सामाईक संडास होता, आणि चोरून केलेल्या गर्भपातात बायका मरत होत्या. वर्थ हे लपवत नाहीत. आपणच ते विसरतो.

तिसरी हरकत सर्वांत महत्त्वाची. या आठवणी सुइणींच्या आहेत, बाळंतिणींच्या नव्हेत. १९१५ साली स्त्रियांच्या सहकारी संघाने कामगार मातांची १६० पत्रे 'मॅटर्निटी' या नावाने प्रसिद्ध केली. मार्गारेट लुएलिन डेव्हिस यांनी ती संपादित केली होती. त्यांत बाई स्वतः सांगते की बाळंत होण्याच्या आदल्या दिवशीपर्यंत तिने दुसऱ्यांचे कपडे धुतले, आणि नवऱ्याला पुरेसे मिळावे म्हणून स्वतः पोटभर जेवली नाही. त्या पत्रांत करुणेची याचना नाही, मागणी आहे. सुइणीच्या आठवणींत बाई कनवाळू नजरेने पाहिली जाते. या पत्रांत ती स्वतः पाहते. दोन्ही वाचावे, परंतु दुसरे आधी वाचावे.

आणखी एक प्रश्न सोडून चालणार नाही. १९५९ च्या समितीने सत्तर टक्के बाळंतपणे रुग्णालयात व्हावीत असे म्हटले. १९७० च्या समितीने सर्वच. १९८० च्या सुमारास घरची बाळंतपणे शंभरात एक-दोन उरली. धोक्याच्या बाळंतपणाला रुग्णालय हवेच, याविषयी दुमत नको. परंतु खोली अंधारी आहे म्हणून बाईला खाट देणे हा घराच्या प्रश्नाला दिलेला अर्धा जबाब होता. आणि जी सुईण नावाने ओळखत होती, तिच्या जागी पाळीप्रमाणे बदलणारे अनोळखी चेहरे आले. २०११ साली इंग्लंडमध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासात असे दिसले, की ज्यांना आधी मूल झाले आहे आणि ज्यांच्या बाबतीत धोका कमी आहे, अशा स्त्रियांची घरची बाळंतपणे बाळासाठी तितकीच सुरक्षित असतात. अर्थात शिकलेली सुईण आणि मागे उभी असलेली रुग्णसेवा असेल तर. म्हणजे पुन्हा तेच: हात आणि त्या हातामागची व्यवस्था.

आपला हिशेब

ज्या १९४६ साली ब्रिटिश संसदेने आरोग्य सेवेचा कायदा केला, त्याच साली आपल्याकडे सर जोसेफ भोर यांच्या समितीचा अहवाल आला. या देशात हजार जन्मांमागे सुमारे वीस माता मरतात, असा त्या समितीचा अंदाज होता. आणि पैसे देता येत नाहीत म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, असे तिचे पहिले तत्त्व होते. २०१८–२० या काळासाठीचा भारताचा आकडा लाखामागे ९७ आणि महाराष्ट्राचा ३३ होता. ही घट थोर आहे, आणि ती आपोआप झाली नाही. ती ज्यांनी घडवली त्यांत गावोगावच्या परिचारिका-प्रसविका आहेत आणि २००५ पासून आशा आहेत. आशा ही सुईण नव्हे. पण गरोदर बाईच्या उंबरठ्यावर शासनाच्या वतीने पहिल्याने उभी राहते ती तीच. तिला आपण 'स्वयंसेविका' म्हटले आणि कामाच्या नगामागे मोबदला दिला. २०२३ च्या अखेरीस आणि २०२४ च्या आरंभी महाराष्ट्रातल्या आशा संपावर गेल्या, तेव्हा 'सेवेचा सौदा कशाला?' असे सुशिक्षित घरांतून ऐकू आले. सुईणपण ही केवळ पुण्याई नसून पगारी काम आहे, एवढे इंग्लंडने १९३६ साली मान्य केले होते.

सेवाभावाची स्तुती करून वेतन चुकवणे ही फार जुनी युक्ती आहे. सुइणींच्या आठवणी वाचून आपले मन द्रवत असेल आणि आशाच्या मागणीने कपाळाला आठी पडत असेल, तर आपण त्या आठवणी वाचल्याच नाहीत, असे मी नम्रपणे म्हणेन.

शेवटी एक विनंती. या सभागृहात आज निवृत्त परिचारिका आहेत, काही आशाताई आहेत, आणि चाळीत बाळंत झालेल्या आज्या आहेत. आपण लिहा. लिहिता येत नसेल तर सांगा, नातवंडांनी लिहून घ्यावे. सन, वस्ती, खोलीत किती माणसे होती, पाणी कुठून आणले, सुईणबाईला काय दिले, हे सारे लिहा. आणि तिचे नाव लिहा. ते मला माझ्यापुरते आता मिळायचे नाही. पण आपल्यापैकी काहींना अजून आठवत असेल.